पिवळ्या नदीने शिकवलेला राज्यकारभार

चिनी लिपीत एक अक्षर आहे. त्याच्या डाव्या बाजूला पाण्याची खूण म्हणून तीन थेंब काढलेले असतात. पाणी आवरणे हा त्याचा एक अर्थ आणि राज्य चालवणे हा दुसरा. हे दोन अर्थ एकत्र का नांदतात, ते समजून घ्यायला ह्वांग हो, म्हणजे पिवळ्या नदीच्या काठी जायला हवे.

सुमारे ५,४०० किलोमीटर लांबीची ही नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि पुढे लोएस नावाच्या पिवळ्या मातीच्या प्रदेशातून वाहते. आपली काळी माती खडक झिजून झाली. ही माती मात्र वाऱ्याने वाळवंटाकडून आणून टाकली. काही ठिकाणी तिचा थर १०० मीटरांहून जाड आहे. ती इतकी भुसभुशीत, की लोखंडाचा फाळ नसतानाही दगडा-लाकडाच्या अवजारांनी कसता येई. त्यामुळे येथे राळ्यासारखी कमी पावसावर येणारी धान्ये पिकली. शीआनजवळ बानपो येथे अशा शेतकऱ्यांचे सहा हजार वर्षांपूर्वीचे गाव सापडले आहे. दक्षिणेला यांगत्सेच्या दमट खोऱ्यात भात पिकत होता. तिच्या मुखाजवळ ल्यांगझू येथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे मोठे बंधारेही सापडले. म्हणजे चिनी संस्कृतीला दोन नद्यांनी वाढवले.

पण माणसाची खरी परीक्षा पाहिली ती पिवळ्या नदीने. जी माती पीक देते, तीच पावसात वाहून नदीत येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. सपाटीवर वेग मंदावला की गाळ खाली बसतो आणि पात्र वर येते. लोक बांध उंच करतात, की पात्र आणखी वर येते. शेवटी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. मग एका ठिकाणी जरी बांध फुटला, तरी मैलोगणती मुलूख पाण्याखाली जातो.

चिनी परंपरेत यू राजाची कथा याच भीतीतून आली. त्याचे वडील गुन यांनी बांध घालून पूर अडवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. यूने पाण्याला वाट करून दिली. तेरा वर्षे तो या कामात होता. तीनदा घरावरून गेला, पण आत शिरला नाही. कथा खरी की खोटी, हा प्रश्न बाजूला ठेवू. राजाची लायकी लढाईत नव्हे, तर पुरात ठरते, हे ती सांगते. एकट्या गावाला बांध राखता येत नाही. शेकडो गावांची माणसे, धान्य आणि हुकूम एकत्र लागतात. राज्य दुबळे झाले की बांधांची डागडुजी थांबे, आणि पूर आला की राज्य आणखी दुबळे होई.

या ज्ञानाचा उलटा वापरही झाला. जून १९३८ मध्ये जपानी सैन्य रोखण्यासाठी चिनी सरकारनेच ह्वायुआनकौ येथे बांध फोडला. लाखो माणसे प्राणास मुकली. बांध राखणे हे ज्यांचे काम, त्यांनीच तो फोडला होता. त्या अक्षरातले दोन अर्थ वेगळे झाले, की काय होते, ते त्या काठच्या लोकांनी तेव्हा सोसले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)