सभागृहाची फरशी आणि सतरंज्यांची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या समारंभातील भाषण)



वर्धापनदिनी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या संस्कारांवर. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो मात्र अगदी पायाखालचा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण झाडणे, सारवणे आणि पुसणे यांत माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते. शिवाय येत्या सभेत आपल्या सभागृहात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घ्यावा काय, हा ठराव यायचा आहे. हात वर करण्याआधी काही गोष्टी कानावर असलेल्या बऱ्या.

आपल्या जिल्ह्याची माती काळी. पिकाला सोन्यासारखी, पण फरशीला वैरीण. मृगाचा पाऊस पडला की ती तळपायाला, चपलेला गोळ्यागोळ्याने चिकटते; उन्हाळ्यात तीच वाळून धूळ होते आणि दाराच्या फटीतून आत येते. या धुळीत बारीक कच असते. आपण ती पायाखाली घेऊन चालतो तेव्हा फरशीवर काचकागद घासल्यासारखे होते. फरशी जुनी झाली, चमक गेली, असे आपण म्हणतो. ती जुनी होत नाही, घासली जाते. दारापासून माईकपर्यंत आपल्या सभागृहात जी मळकट वाट पडली आहे ना, ती पाहा. कोपऱ्यातली फरशी त्याच दिवशी बसवलेली आहे, पण ती अजून चकचकीत आहे.

म्हणून निगा सुरू होते ती फरशीपासून नव्हे, दारापासून. दाराबाहेर काथ्याचे खरबरीत पायपुसणे, आणि दाराच्या आत गोणपाटाचा किंवा जाड सुती कापडाचा लांब पट्टा. एवढासा चौकोनी तुकडा टाकून भागत नाही. एक पाय त्यावर पडतो आणि दुसरा थेट फरशीवर. माणसाची तीन-चार पावले पट्ट्यावर पडली पाहिजेत. आणि पायपुसणे रोज झटकले पाहिजे, नाही तर तेच धुळीचे कोठार होते. पावसाळ्यात दोन पट्टे असावेत, एक वाळत असला की दुसरा दारात.

आता झाडणे-पुसणे. आधी कोरडे झाडायचे, मग ओले पुसायचे. हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे, पण कार्यक्रमाच्या घाईत आपण झाडल्यावाचूनच पोतेरे फिरवतो आणि धुळीचा चिखल करून ठेवतो. बादल्या दोन घ्याव्यात : एक साबणाच्या पाण्याची, एक पोतेरे खळबळून घेण्याची. दुसरीतले पाणी काळे झाले की फेकावे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा ते अंगणातल्या झाडाला घालावे. साबण मात्र बेताचा. पुष्कळ घातला म्हणजे फरशी पुष्कळ स्वच्छ होते हा समज खोटा आहे. जास्तीचा साबण फरशीवर चिकट थर धरतो, त्यावर धूळ आणखी बसते आणि पाय घसरतो. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते; ते तसेच वाळू दिले तर पांढरे डाग राहतात. शेवटी कोरडे फडके फिरवले की झाले.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगते. आपल्या सभागृहात शहाबादी फरशी आहे, ओट्यावर कोटा आहे. शहाबादी कर्नाटकातून येते, कोटा राजस्थानातून. पण दोन्ही जातीने चुनखडीच. चुन्यावर ॲसिड पडले की फसफसते, हे आपण पाहिलेले आहे. डाग लवकर जावा म्हणून फरशीवर ॲसिड ओतले, तर डागाबरोबर फरशीही खाल्ली जाते, खरखरीत होते, आणि मग त्या खरखरीत जागी मळ दुप्पट बसतो. मोझेइकचीही तीच गत. संगमरवराचीही. चिंच-लिंबूसुद्धा तसेच सांडून ठेवू नये. नव्या चकचकीत टाइल्स ॲसिडला दाद देत नाहीत, पण त्यांच्या सांध्यांतले सिमेंट देते.

आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नका. संडासाच्या बाटलीतल्या पातळ औषधातही बहुधा ॲसिडच असते. ही दोन एकत्र आली की विषारी वायू निघतो. बंद मोरीत तर जीव घुसमटतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही बादली आपण स्वतः उचलत नाही, आपली केर काढणारी बाई उचलते. तिला कोणी हे सांगितले आहे काय? तिच्या हाताला रबरी मोजे आहेत काय? वर्गणीच्या हिशेबात फुलांचा खर्च असतो, हाराचा असतो, मोज्यांचा नसतो.

सतरंज्यांकडे वळते. सुती सतरंजी ही मोठी गुणाची वस्तू आहे. दोन्ही अंगांनी वापरता येते, गुंडाळून ठेवता येते, उन्हात टाकता येते. पण आपण ती नेहमी त्याच जागी, त्याच बाजूने अंथरतो आणि दाराकडचा काठ विरतो. महिन्याला टोके बदलावीत, बाजू उलटावी. म्हणजे झीज वाटली जाते. घडी घालून ठेवू नये, घडीच्या जागी सूत तुटते, गुंडाळावी. झटकताना उलट्या बाजूने काठीने बडवावी, म्हणजे आतली कच खाली पडते. काठ उसवला की त्याच आठवड्यात जाड दोऱ्याने शिवावा. आपल्याकडे शिवणवर्ग असताना सतरंज्यांच्या दशा लोंबतात, ही काही शोभेची गोष्ट नाही! धुणे वर्षातून एकदा, कडक उन्हाळ्यात. एका दिवसात वाळली नाही तर कुबट वास येतो, तो जाता जात नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी डाग पडायचेच. कुंकू किंवा गुलाल सांडला तर पाणी लावू नका; कोरडेच झटकून उचला, मग राहिलेले धुवा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, घाबरू नये. साबण पुरता काढून सतरंजी उन्हात टाकावी, डाग उन्हानेच फिका पडत जातो. चहा सांडला तर चोळायचे नाही. कोरड्या फडक्याने टिपायचे, कडेकडून मध्याकडे. निरांजनाचे तेल फरशीवर सांडले तर त्यावर पीठ किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषू द्यावे, मग कोमट साबणपाणी.

आता गालिचा. १९९८ साली १ जुलैला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, कचेऱ्या वाढल्या. साहेबांच्या खोलीतला गालिचा पाहून आपल्यालाही वाटते, असावा. गालिचा वाईट नव्हे. विंडसरच्या राजवाड्यात आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला एक गालिचा आहे. १९९२ साली तिथे आग लागली तेव्हा तो हलवायला पन्नास सैनिक लागले म्हणतात. पण चिकटवलेला गालिचा ना हलवता येतो, ना बडवता, ना उन्हात टाकता. त्याला धूळ ओढणारे यंत्रच पाहिजे. विलायतेत बूथ नावाच्या इंजिनियराने १९०१ साली ते काढले. घोड्याने ओढायची ती अगडबंब गाडी रस्त्यात उभी राही, आणि खिडकीतून नळी आत घालीत. पुढच्याच वर्षी राज्यारोहणाआधी त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीमधले गालिचे स्वच्छ केले. त्याआधी, १८७६ साली, अमेरिकेत बिसेल नावाच्या गृहस्थाने ढकलायच्या झाडणीचे पेटंट घेतले होते; तो १८८९ साली वारला आणि त्याची पत्नी ॲना हिने कारखाना चालवून दाखवला. आणि पाहा, त्याच १८७६ साली आपल्या वऱ्हाडात, शेंडगावी, गाडगेबाबा जन्मले. त्यांनी पेटंट घेतले नाही, खराटा घेतला.

ज्या कचेरीत गालिचा आहे तिथे चालण्याच्या वाटेवर रोज यंत्र फिरवावे लागते, तेही सावकाश, मागेपुढे. वर्षात एकदोनदा आतून ओला करून धुवून घ्यावा लागतो, आणि पंखे लावून पूर्ण वाळेपर्यंत कोणी त्यावर पाय ठेवायचा नाही. आपल्या सभागृहात सकाळी लहान मुलांचा वर्ग, दुपारी शिवण, संध्याकाळी भजन. तो वाळणार कधी? शिवणाच्या टाचण्या फरशीवर पडल्या तर दिसतात, लोहचुंबकाने उचलता येतात. लवेत रुतलेली टाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या लेकराच्या गुडघ्यालाच सापडेल. दमेकरी सभासदांना त्या धुळीचा त्रास होईल तो वेगळा.

मागच्या पावसाळ्यात ओल्या फरशीवरून आपल्या एक ज्येष्ठ सभासद घसरल्या, तेव्हापासून गालिच्याचे नाव निघाले, हे मी जाणते. त्यांचे दुखणे सोपे नव्हते. पण त्या घसरल्या त्या पाण्याने आणि साबणाने. कार्यक्रमाला अर्धा तास असताना फरशी पुसली होती. पुसणे कार्यक्रम संपल्यावर करावे. आधी करायचेच तर अर्धे सभागृह पुसून मध्ये बाक आडवा लावावा, ते वाळले की दुसरे अर्धे. पायऱ्यांना कठडा नाही, तो बसवावा. गालिच्यासाठी ठेवलेल्या पैशांत कठडा, दोन मोठी पायपुसणी, मोजे आणि केर काढणाऱ्या बाईच्या पगारात थोडी वाढ, असे माझे सुचवणे आहे; ते मी सभेत लेखी देणार आहे. विरुद्ध मत असेल त्यांनीही जरूर बोलावे.

येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता सतरंज्या गच्चीवर काढायच्या आहेत. लहान-मोठ्या मिळून अकरा आहेत. येणाऱ्यांनी नाकाला बांधायला एक पदर जुना आणि हातात एक काठी आणावी.