मे महिन्यात घरी बसलेला नाखवा
(सुलतान बाजारातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला 'निवृत्तीनंतरचे घर' या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी कारकुनीतून निवृत्त झालो, त्यात सांगण्यासारखे काही नाही. म्हणून आज माझ्या व्याह्यांविषयी बोलतो. ते दापोली तालुक्यातल्या हर्णैचे नाखवा. चाळीस वर्षे स्वतःची नौका चालवली, मग ती मुलाच्या नावे केली आणि गेल्या मे महिन्यात विहीणबाईंसह आमच्याकडे आले. मुलीच्या सासरी महिनाभर राहायचे म्हणून विहीणबाई संकोचल्या होत्या. त्यात आमच्या घरी मासे शिजत नाहीत! व्याही मुकाट्याने वरण-भात जेवायचे, आणि अपराधी मला वाटायचे. (हशा)

एका दुपारी आमची सूनबाई म्हणाली, "बाबांना मे महिन्यात घरी बसलेले मी प्रथमच पाहते आहे." मला अर्थ कळेना. तिने समजावले. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे शाळेची सुट्टी संपायची तेव्हा बापाची सुरू व्हायची. सगळा उन्हाळा तो समुद्रावर. आंबे, लग्ने, मुंज, सगळे आईनेच निभावले. आणि पावसाळ्यात घरी असला तरी जाळी विणणे, नौकेची डागडुजी, खलाशांना आगाऊ द्यायच्या पैशांची जुळवाजुळव यातच दोन महिने जात. पूर्व किनाऱ्यावर मात्र १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते. विशाखापट्टणमच्या मच्छीमाराची मुले बापाबरोबर सुट्टी काढतात. एकाच देशात, किनारा बदलला की बापही बदलतो!

व्याह्यांना सुट्टी कशी घालवावी ते ठाऊकच नव्हते. पहाटे चारला उठून बडी चावडीपर्यंत जाऊन येत. भाजीवाल्यांशी मोडक्या हिंदीत दोस्ती केली. नातवाला दोरीच्या गाठी शिकवल्या. आमच्या वाळत घालायच्या दोरीची आजवर कधी सुटली नाही अशी गाठ अजून तशीच आहे. मृगाला नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याच्या माशांच्या औषधाची रांग पाहायला गेले. त्या औषधाच्या गुणाबद्दल डॉक्टरांची मते वेगळी आहेत, तो वाद इथे नको. मृगाला हैदराबादेत घरोघरी मासे खातात हे ऐकून म्हणाले, "आमच्या होड्या वर ओढल्या, की इकडे तुमचा सण!"

आता मूळ मुद्दा. एका संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विचारले, "साहेब, हे घर कोणाच्या नावावर?" मी सांगितले, आजोबांच्या. आजोबा जाऊन पन्नास वर्षे झाली. घरपट्टीची पावती अजून त्यांच्याच नावाने येते, आणि आपण ती कौतुकाने जपून ठेवतो. व्याही बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नौकेचा परवाना वेळोवेळी नवा करावा लागतो, म्हणून तिचा मालक कोण हे सरकारला ठाऊक असते. आम्ही राहतो त्या घराखालच्या जमिनीचा उतारा मात्र आमच्या नावावर नाही. मी समुद्रावर असताना नौकेचे कागद बघितले, घराचे बघायला किनाऱ्यावर कोण होते?"

कोकण किनाऱ्यावर हे दुखणे जुने आहे. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असूनही कितीतरी कोळीवाड्यांच्या सीमा कागदावर पक्क्या नाहीत. सीमांकनासाठी तिथले लोक आजही अर्ज-विनंत्या करतात. बंदराचा, रस्त्याचा नकाशा येतो तेव्हा हातात दाखवायला वीजबिल असते. आपण हसू नये. याच सुलतान बाजारावरून ७ फेब्रुवारी २०२० पासून मेट्रो धावते आहे. तिच्या मोजणीच्या वेळी आपल्यापैकी किती घरांत ट्रंका उघडल्या गेल्या ते आठवा. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांचे नाव एका कागदावर 'राव' लावून, दुसऱ्यावर 'पंत' लावून; वारस पुण्यात, औरंगाबादेत, एक परदेशात. भावाभावांचे बोलणे तेव्हा बंद झाले ते आजही बंदच आहे. दोष मी कोणा कचेरीला देत नाही. आपण इथे निजामाच्या काळापासून राहतो, आपल्याला कोण विचारणार, हा आपला जुना गैरसमज.

व्याही जूनमध्ये परत गेले. या वर्षी त्यांनी तलाठ्याकडे खेटे घालायला सुरुवात केली आहे; मुलगा समुद्रावर, म्हातारा दफ्तरात. मीही आमच्या घराच्या वारसांची यादी केली. नऊ सह्या हव्यात, सहा मिळाल्या. सातवी सही चुलत बहिणीची. तिच्याशी मीच बारा वर्षे बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात लातूरला जाऊन आलो. तिने जेवायला वाढले, सहीचे मात्र अजून काही म्हणाली नाही. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.

ज्यांच्या घरी अशा ट्रंका आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता याच जागी कागदांच्या नकला घेऊन यावे. आपल्यातलेच एक वकील विनामूल्य पाहून देणार आहेत. मूळ कागद कृपया कोणी आणू नका.