घरची फोर बाय फोर, पहिला ट्रॅक आणि मंगळवारची सकाळ

गेल्या महिन्यात तुमचे जे मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच साच्यातले होते. "दादा, घरी फोर बाय फोर आहे, गाडी बाबांच्या नावावर आहे, ऑफ-रोडिंग सुरू करायचंय. लिफ्ट किट कुठली टाकू?" उत्तर देतो, पण आधी एक किस्सा सांगतो. माझाच आहे आणि त्यात मी काही हिरो वगैरे नाही.

आमच्याकडे जुनी सात सीटर फोर बाय फोर डिझेल आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेली. शेतावर जायला, लग्नकार्याला, आणि गेली तीन वर्षं दर मंगळवारी नि शुक्रवारी आजोबांना डायलिसिसला न्यायला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

जुलै महिना होता. मित्राकडे थार, मागे मोठे टायर, गाडी उचललेली. आम्ही मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या जमिनीवर गेलो. थार पुढे, मी मागे. जिथून थार गेली तिथून माझीही जाणार, इतकंच माझं गणित. एका बांधासारख्या उंचवट्यावर पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडे राहिली आणि मधलं पोट मातीवर टेकलं. चारही चाकं फिरतायत, गाडी मात्र जागची हलत नाही.

मग आम्ही तेच केलं जे रील्समध्ये बघितलेलं असतं. फावडं गाडीत नव्हतंच. मित्रानं थार वळवून मागे आणली, पट्टा काढला, माझ्या गाडीच्या मागे खाली एक लोखंडी कडी दिसत होती तिला शॅकल अडकवला आणि जोरात झटका दिला. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्या झटक्याला कडी उपटली आणि शॅकलसकट उडून थारच्या मागच्या काचेतून आत गेली. दोन मिनिटांपूर्वी त्या सीटवर मित्राचा धाकटा भाऊ बसला होता. व्हिडिओ काढायला म्हणून खाली उतरला होता, म्हणून वाचला. आवाज अजून कानात आहे.

ती कडी खेचण्यासाठी नव्हतीच. गाड्या ट्रकवर चढवून नेतात तेव्हा हलू नयेत म्हणून बांधायची ती कडी. तिची ताकद तेवढीच.

घरी रात्री अकराला पोचलो. गाडी चालत होती, पण कडी जिथे होती तिथली पट्टी वाकलेली, खालून कसलातरी खडखडाट, आणि क्लचला जळका वास. नऊ दिवस गाडी गॅरेजला होती. त्या नऊ दिवसांत आजोबा रिक्षानं गेले आणि आले. डायलिसिस झाल्यावर माणूस किती गळून जातो हे ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत आहे. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

अण्णा ओरडतील असं वाटलं होतं. गाडी परत आल्यावर रविवारी सकाळी त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, म्हणाले, "ये, खाली झोप." मी म्हटलं, "अण्णा, झालं ते झालं, आता मी नेत नाही गाडी." ते म्हणाले, "ने की. पण आधी गाडीचं पोट बघ. वरून रंग बघून गाडी कळत नसती."

तर मंडळी, माझं खरं ऑफ-रोडिंग त्या पोत्यावर सुरू झालं. तुम्हीही तिथूनच सुरू करा. मोबाइलचा टॉर्च घ्या, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. खाली बघायचं काय, तर सगळ्यात खाली लोंबतंय कोण. माझ्या गाडीत मागच्या एक्सलच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल. त्यानंतर पायऱ्या, ज्यांना आपण फूटस्टेप म्हणतो. इंजिन ऑइलचा चेंबर कुठे आहे, त्याखाली लोखंडी पत्रा आहे की नुसतं प्लास्टिकचं झाकण, डिझेलची टाकी कुठल्या बाजूला, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो. अण्णांनी खडूनं खुणा केल्या होत्या. शेतात ट्रॅक्टर आणि टेम्पो चालवलेला माणूस, त्याला यूट्यूब लागत नाही.

आता ग्राउंड क्लिअरन्स. थारचा २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०, माझ्या गाडीचा १८०. आकडे जवळजवळचे वाटतात ना? हाताची वीत टाकून बघा. साधारण वीत भरते तेवढं थारखाली आहे, माझ्या गाडीखाली वीतही भरत नाही. त्यात माझी गाडी लांब. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढं उंचवट्यावर पोट टेकायची शक्यता जास्त. म्हणजे थारच्या चाकोरीतून मी जाणं हाच मूळ घोटाळा होता. पुढची गाडी गेली हे तिच्याबद्दलचं ज्ञान आहे, आपल्या गाडीबद्दलचं नाही.

यावरून एक गोष्ट जी नवीन लोकांना उलटी वाटते. वाटेत मोठा दगड आला की आपण तो दोन्ही चाकांच्या मधून काढायला बघतो, कारण रस्त्यावरची सवय. ट्रॅकवर चाक दगडावर चढवायचं. चाक चढलं की गाडी उचलली जाते. मधून काढला तर तो थेट त्या गोळ्याला किंवा ऑइल चेंबरला भेटतो. अर्थात दगड टोकदार असेल तर वेगळी वाट बघा. आपल्या सह्याद्रीतला काळा दगड फुटला की त्याला धार येते, आणि टायरची बाजू कापली गेली तर पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर गेला.

टायरवरून आठवलं. सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे हवा कमी करणं. रस्त्यावर तुमची ३२-३३ पीएसआय असेल तर ट्रॅकवर २४ च्या आसपास आणा. टायर पसरतो, पकड वाढते, दगडावर आदळण्याऐवजी दबतो, आणि गाडीच्या सगळ्या सांध्यांना बसणारे धक्के कमी होतात. साध्या गाडीत १८ च्या खाली नवीन माणसानं जाऊच नये, टायर रिममधून निसटू शकतो. आणि हवा परत भरायला बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर हवा. कमी हवेवर हायवेला गेलात तर टायर तापून फुटेल, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

पण देशावरची काळी माती हा वेगळा प्रकार आहे. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत ती टायरच्या खाचांमध्ये भरते आणि दहा फुटांत तुमचा टायर गुळगुळीत होतो. तिथे हवा कमी करूनही फार फरक पडत नाही. उत्तर एकच, तिथे जाऊ नका. दोन दिवस ऊन पडू द्या. आमच्याकडे ट्रॅक्टरवालेसुद्धा थांबतात.

चालवताना काय जपायचं? सगळ्यात आधी क्लच. मी त्या दिवशी अर्धा क्लच दाबून, रेस करून गाडी हलवायला बघत होतो. चार-लो कशासाठी दिलाय मग? गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, लो टाका, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडा आणि गाडीला तिच्या चालीनं चालू द्या. उतारावरही तेच, इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक हलका लागतो. अंगठे स्टिअरिंगच्या आतल्या दांड्यांमध्ये अडकवू नका, चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडतो. आणि जुन्या पद्धतीची, गरजेपुरती जोडायची फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरावर ती लावून फिरू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण यात दोघांना एकत्र बांधलेलं असतं. चिखलात चाक थोडं घसरून जुळवून घेतं. डांबरावर घसरत नाही, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. शोरूममध्ये गाडी हातात देताना हे सांगितलं जातंच असं नाही.

पाणी. ओढा दिसला की आपल्यातला लहान मुलगा जागा होतो. आधी चालत जा. अण्णांचं वाक्य आहे, "आधी पायानं बघ, मग चाकानं." पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि पाय ओढला जात असेल तर परत फिरायचं. थारला कंपनीनं ६५० मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली आहे, पण ती थारची. तुमच्या गाडीत इंजिन हवा कुठून ओढतं ते बोनेट उघडून शोधा, ते तोंड तुमची मर्यादा. हवेऐवजी पाणी आत गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि आतली कनेक्टिंग रॉड वाकते. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. पुन्हा सांगतो, मारायचा नाही. ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

इथेच विम्याचं बोलतो, कंटाळवाणं आहे पण दोन मिनिटं ऐका. साध्या पॉलिसीत अशा पाण्यानं गेलेल्या इंजिनाचा दावा बहुतेक वेळा नाकारला जातो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असतं, त्याच्याही अटी वाचा. आणि शर्यत, वेगाची चाचणी अशा आयोजित स्पर्धांमध्ये झालेलं नुकसान पॉलिसीत धरत नाहीत. गाडी बाबांच्या नावावर आहे म्हणजे विम्याचा कागदही त्यांच्याच कपाटात आहे. मागून घ्या. मागताना आपोआप बोलणंही होईल.

आता अडकल्यावर काय, कारण अडकणार आहातच. आधी फावडं. आमची गाडी त्या दिवशी दहा मिनिटं पोटाखालची माती उकरून, चाकांखाली दगड भरून, हवा कमी करून आपली आपण निघाली असती. पुढच्या वेळी अगदी तशाच जागी अशीच काढली. खेचायचीच वेळ आली तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो रिकव्हरीचा पॉइंट दिलाय तोच. बंपरमध्ये पेचानं बसवायचा हुक बऱ्याच गाड्यांत बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून ओढायला असतो, रुतलेली गाडी झटक्यानं उपसायला नाही. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला तर पट्टा कधीच लावू नका. ताणणारा पट्टा आणि न ताणणारा पट्टा वेगळे असतात, न ताणणाऱ्यानं झटका मारायचा नसतो. पट्ट्याच्या मधोमध जुनी गोधडी किंवा ओलं पोतं टाका, तुटला तर जोर कमी होतो. आणि पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभं नको, व्हिडिओ काढणारा तर अजिबात नको. एकट्या गाडीनं जाऊ नका हे सांगायला हवं का?

घरी आल्यावर गाडीचं अंग नाही, पोट धुवा. रिमच्या आत चिखल सुकला तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि आपल्याला वाटतं अलाइनमेंट गेली. पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला.

कोकणातल्या दोघातिघांनी समुद्रकिनाऱ्याबद्दल विचारलंय. नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस केस करतात, आपल्याकडेही भरतीत अडकलेल्या गाड्यांचे फोटो दर सुट्टीत येतात. आणि खारं पाणी जिथे जातं तिथे गंज धरतो, तो तुम्हाला दोन वर्षांनी दिसतो. तसंच पठारं. कातळसड्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात ती बोटभर मातीत उगवतात, एक टायर फिरला की ती माती गेली. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही, खाजगी जागेत मालकाला विचारून.

हां, लिफ्ट किट. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाहीत असं म्हटलंय. पुढच्या बुल बारवर तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानंच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. त्या पैशात चांगले टायर, ऑइल चेंबरखाली जाड पत्रा, फावडं, कंप्रेसर आणि योग्य पट्टा येतो. माझ्या गाडीत सध्या एवढंच आहे. फूटस्टेप मी ट्रॅकच्या आदल्या दिवशी काढतो आणि आल्यावर परत लावतो, कारण आजोबांना पायरीशिवाय चढता येत नाही. चार बोल्ट एका बाजूला, चार दुसऱ्या. सोमवारी रात्री अण्णा टॉर्च धरतात, मी पाना फिरवतो, आणि मंगळवारी सकाळी सहाला गाडी दारात उभी असते.

पुढच्या भागात ट्रॅकवर टायर कसा बदलायचा ते बघू. तोपर्यंत एक काम करा, तुमची गाडी खालून बघा आणि सगळ्यात खाली काय लोंबतंय ते मला लिहून पाठवा.