काळें ट्रफल : भूमीच्या पोटांतील सुगंध



पावसाळ्यांत रानांत उगवणारी अळंबी आपणां सर्वांस परिचित आहे. तिचें एक दूरचें आप्त मात्र जमिनीवर कधींच डोकें काढीत नाहीं. तें म्हणजे ट्रफल. त्याच्या अनेक जातींपैकीं फ्रान्समधील पेरिगॉर प्रांताच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या काळ्या ट्रफलाविषयीं आज बोलावयाचें आहे.

चुनखडीच्या जमिनींत, ओक व हेझल या वृक्षांच्या मुळांशीं ही बुरशी वाढते. ती वृक्षाला पाणी व क्षार पुरविते. वृक्ष तिला शर्करा देतो. तिचें फळ बाहेरून काळें व खरखरीत असतें. आंतील काळसर गरांत पांढऱ्या शिरांची जाळी असते. हिवाळ्यांत तें पिकलें, कीं शिकविलेलीं कुत्रीं वासावरून जागा दाखवितात. पूर्वीं हें काम डुकरिणीकडे असे; परंतु सांपडलेलें धन तीच गट्ट करी!

ट्रफलाचें सारें मोल त्याच्या वासांत आहे, आणि तो वास उडून जाणारा आहे. फार शिजविल्यास तो नाहींसा होतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या शेवटीं गरम अन्नावर पसरतात, किंवा लोण्यांत हलकेच ऊन करतात. कारण स्निग्ध पदार्थ हा वास धरून ठेवतात. कोंबडीच्या कातडीखालींहि चकत्या सरकवितात. पण खरी गंमत अंड्यांची. झांकणाच्या बरणींत अंडीं व ट्रफल एकत्र ठेवलीं, तर एकदोन दिवसांत तो वास कवचांतून आंत शिरतो. कपड्यांच्या पेटींत केवडा ठेवावा, तसाच हा प्रकार.

१९ व्या शतकाच्या आरंभीं जोसेफ तालों नांवाच्या शेतकऱ्यानें ट्रफल देणाऱ्या ओकांचीं फळें पेरलीं. कांहीं वर्षांनीं त्या नव्या झाडांच्या मुळांशींहि ट्रफल मिळालें, आणि पुढें अशा राया ठिकठिकाणीं उभ्या राहिल्या. परंतु १९१४-१८ च्या महायुद्धांत अनेक जाणते शेतकरी कामीं आले, राया ओस पडल्या. शतकारंभीं सुमारें १००० टनांचें गणलें जाणारें फ्रान्सचें उत्पन्न आज १०० टनांहूनहि कमी आहे.

आज बुरशीचें बीज लावलेलीं रोपें मिळतात. तरी फळासाठीं कित्येक वर्षें थांबावें लागतें. बाजारांत ट्रफलाच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या बहुतेक तेलांतील वास मात्र प्रयोगशाळेंत बनविलेला असतो. बाटलींतील वास घटकेंत मिळतो. मातींतला हवा असेल, त्यानें आधीं झाड लावावें व मग वाट पहावी.