खरखर मोजणारी खोली

श्रोतेहो, भिवंडीत शेजारच्या यंत्रमागाचा खटका पडला, की रेडिओत ‘कर्रर्र’ होते. खटक्याच्या ठिणगीतून विद्युत्-चुंबकीय लहरी निघतात. अशा त्रासाला मर्यादा घालण्यासाठी १९३४ साली पॅरिसला ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

पण एकाच यंत्राची खरखर मोजायची कुठे? बाहेर तर लहरींचा बाजार भरलेला! म्हणून पोलादी पत्र्याची बंद खोली बांधतात. बाहेरची लहर आत शिरत नाही. आतली भिंतीवर आपटून परतू नये, म्हणून कार्बन मुरवलेले फोमचे सुळके लावतात. लहर त्यांत जिरते. यंत्र फिरत्या चौथऱ्यावर ठेवून ३ किंवा १० मीटरांवरच्या अँटेनाने माप घेतात. मग उलट परीक्षा: यंत्रावरच लहरी सोडून ते डगमगते का, हे पाहतात. पुण्याच्या ‘एआरएआय’ संस्थेत वाहनांची अशी तपासणी होते.

रेडिओची खरखर आपण सोसू. पण धावत्या मोटारीचा ब्रेक किंवा दवाखान्यातले यंत्र बहकले तर? तिथे जिवाशी गाठ आहे.

गुरुजी, वर्गात मध्यम लहरींवर लावलेला ट्रान्झिस्टर पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. केंद्र हरवेल. ती खोली म्हणजे असाच एक मोठा डबा, हे मुलांना लगेच पटेल.