आजीच्या चालीनं पेठा पाहू या

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी पुण्याच्या जुन्या पेठांबद्दल बोलणार आहोत. घरातली आजी आणि घरातली पोरं बरोबर घेऊन जुनं गाव पायी कसं पाहावं, आणि ते लवकर का पाहावं, एवढंच सांगायचं आहे.

पाहुणे आले की आपण काय करतो? शनिवारवाड्याच्या दारात उभं करून फोटो काढतो, दगडूशेठला हात जोडतो आणि तुळशीबागेत खरेदीला सोडतो. झालं पुणं! आजीला तर म्हणतो, "तुमचे गुडघे दुखतील, तुम्ही घरीच थांबा." आमचं म्हणणं असं, की आजीला घरी ठेवलं तर निम्मं पुणं घरीच राहतं.

आमच्या सासूबाईंचं माहेर कसब्यातलं. वय बाहत्तर, गुडघे कुरकुरणारे. म्हणून आम्ही ठरवलं, की चाल त्यांची धरायची. रविवारी सकाळी सातला निघायचं, म्हणजे ऊन नाही आणि गाड्याही कमी. वीस मिनिटं चालायचं, मग एखाद्या देवळाच्या ओट्यावर बसायचं. पाणी, थोडे लाडू बरोबर. आता मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई अशी दोन भुयारी स्थानकं झाली आहेत. एकीकडे उतरायचं, दुसरीकडून परतायचं. मधलं अंतर फार नाही, आणि जिना चढायचा नसेल तर लिफ्ट आहे.

सुरुवात कसबा गणपतीपासून करावी. हा पुण्याचा ग्रामदैवत. जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन पुण्यात आल्या, उजाड झालेलं गाव पुन्हा वसवलं, तेव्हापासून या देवळाचं नाव त्यांच्याशी जोडलेलं आहे. जवळच लालमहाल आहे. मुलांना एक गोष्ट सांगून ठेवा. आज दिसते ती इमारत महापालिकेनं अलीकडे बांधलेली आहे, शिवाजी महाराजांनी १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ वाडा आज उरलेला नाही. जागा तीच, भिंती नव्या. जुन्या गावात हे ओळखायला शिकणं मुलांना फार आवडतं.

मग तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेली तांबट मंडळी इथं वसली. तांब्याच्या पत्र्याचा बंब, घंगाळ, हंडा घडवायचा आणि त्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देत जायचं, याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी भांडं चकाकतं आणि पत्राही कडक होतो. पोरांना वाटलं होतं की ती नुसती नक्षी आहे. त्यांना आजीनं हे समजावलं, आणि पुढं कल्हईचं सांगितलं. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर आतून कल्हई हवीच, नाहीतर आंबट कळकतं. कल्हईवाला दारात आला की नवसागराचा धूर कसा उठायचा, हे ऐकताना धाकटा तोंड उघडं टाकून उभा होता. स्टील आलं आणि मोठ्या भांड्यांची मागणी घटली. तरी हातोडीचा आवाज अजून ऐकू येतो. कारागिराला आधी विचारा, मग फोटो काढा. तो त्याचा कारखाना आहे, कधी घरही आहे.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये घातला. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळून गेले. राहिले तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांची हौदं. पोरांना नारायणरावांचा खून आणि भुताची गोष्ट तेवढी ठाऊक असते. आजीला आठवतो तो वेगळा दिवस, १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीचं पाणी पेठांत शिरलं. त्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरच्या वाड्याचं जोतं बुडालं, पीठमिठाचे डबे तरंगू लागले. पाणी ओसरल्यावर नळ कोरडे होते. वाड्याचा आड उपसून साफ केला आणि सगळी आळी त्यावर जगली, असं त्या सांगतात. आम्ही तो आड पाहायला गेलो. वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे आणि आड पार्किंगच्या फरशीखाली गेला आहे. आजीनं फरशीवर पाय आपटून दाखवलं, "इथं होता." आमच्या नातवंडांना तो आड दाखवायला दुसरी काही खूण नाही. आजींची ती आठवण, एवढीच.

तिथून बुधवार पेठेत या. दगडूशेठ गणपतीच्या समोरच भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी इथं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. शिकवायला जाताना लोक अंगावर शेण टाकायचे. मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये उतरवली, तिथं स्मारक व्हायचं आहे. जवळ फरासखान्यापाशी बाहुलीच्या हौदाची जागा. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या आठवणीत हा हौद सर्वांसाठी बांधला. मुलीला शिकवतो म्हणून चिडलेल्या कुणी तिला काच घातलेला खाऊ दिला, अशी हकीकत सांगतात.

इथं आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी रोज ह्याच रस्त्यानं शाळेत जायचे. इथं काय घडलं ते मला कुणी सांगितलं नाही. सातवी झाली आणि माझं नाव काढलं. दोन्ही भावांची फी भरायची होती ना."

एवढ्या वर्षांत हे आम्हा सुनांना ठाऊक नव्हतं. घरात बसून कधी निघालंच नसतं. मोठी नात आजीचा हात धरून उभी होती. तिनं विचारलं, "तुला काय व्हायचं होतं?" आजी म्हणाल्या, "गणित आवडायचं गं." बस्स, इतकंच. पण परवापासून नातीची गणिताची वही आजीच्या मांडीवर असते.

शेवटी तुळशीबाग. कितीतरी जणी इथं वर्षानुवर्षं बांगड्या, भातुकली, पिना घेतात, पण आतलं पेशवेकालीन राममंदिर त्यांनी पाहिलेलं नसतं. दुकानांमधल्या बोळातून आत जा, बाहेरचा गलका निवतो. आजीला टेकायला ही उत्तम जागा. पुढं महात्मा फुले मंडई, १८८६ ची. भाजी घ्या, मेट्रोत बसा, घरी या.

मैत्रिणींनो, वाडे पडायचे थांबणार नाहीत. मोडक्या वाड्यात, एका न्हाणीघरात चार बिऱ्हाडं, असं कुणी राहावं असंही आम्ही म्हणणार नाही. पण वाडा पडण्याआधी त्यात राहिलेल्या बाईला तिथं एकदा नेणं आपल्या हातात आहे. राजेरजवाड्यांचं लिहून ठेवलेलं आहे. आड कुठं होता, पुरात चूल कशी पेटवली, कुणाचं नाव शाळेतून कधी काढलं, हे कुठल्याच पाटीवर सापडत नाही.

पुण्याच्या नसाल तर कोल्हापूर, नाशिक, पैठण, वाई, तुमचं जे जुनं गाव असेल ते घ्या. घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारा, "तुमचं घर कुठं होतं? चला, दाखवा." मोबाइलवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. घाई करू नका. त्या थांबतील तिथं थांबा, कारण त्या उगाच थांबत नसतात.