खांबावरची तार आणि गावाचा वाटा

केबल दूरचित्रवाणीवर स्थानिक देखरेख असावी की नसावी, हा वाद भारतात ३० वर्षांपूर्वीच कायद्याने मिटवलेला आहे. ती देखरेख आहे, तिचे ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात आहे आणि तिचे अधिकार कागदावर तरी चांगलेच कडक आहेत. वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावात भरलेल्या या परिषदेपुढे म्हणूनच निराळा प्रश्न ठेवणे उचित ठरेल. ज्या गावाच्या रस्त्यांवरून आणि खांबांवरून ही तार जाते, त्या गावाला तारेतून आलेल्या मजकुराविरुद्ध तक्रार करता येते. पण त्याच तारेत स्वतःचे काही घालण्याचा त्याला हक्क आहे काय?

१९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत गच्चीगच्चीवर छत्र्या उभ्या राहिल्या आणि तोवर व्हिडिओ कॅसेटवरचे सिनेमे दाखवणारे गल्लीतले केबलवाले पाहता पाहता उपग्रह वाहिन्यांचे वितरक होऊन बसले. हा धंदा उभा राहिल्यावर मागाहून कायदा आला: २९ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यादेश निघाला आणि १९९५ मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम मंजूर झाला. नोंदणी कोठे करायची, तर मुख्य टपाल कार्यालयात, म्हणजे केबलवाल्याने आपला दाखला टपालखात्याकडून घ्यायचा. ही व्यवस्था थेट जानेवारी २०२५ पर्यंत चालली आणि त्यानंतर नोंदणी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर गेली. टपाल कार्यालयाला वाहिनीतले काही कळत नसेल, पण ते जिल्ह्यात होते, एवढी नोंद येथे करून ठेवली पाहिजे.

कायद्यातील ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. कार्यक्रम संहितेला, म्हणजे काय दाखवू नये याच्या नियमांना, सोडून असलेला अथवा धर्म, जात, भाषा यांवरून वैर वाढवण्याचा संभव असलेला कार्यक्रम कलम १९ खाली हा अधिकारी बंद करू शकतो, आणि नोंदणीसारख्या तरतुदींचा भंग होत असल्यास कलम ११ खाली यंत्रसामग्री जप्तही करू शकतो. पुढे ६ सप्टेंबर २००५ च्या आदेशाने राज्य व जिल्हा पातळीवर संनियंत्रण समित्या नेमण्यास सांगण्यात आले. जिल्हा समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. सदस्यांत पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, महिला व बालकल्याणाच्या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी आणि शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ अशी मंडळी. नागरिकांच्या तक्रारी घेणे, चोरीच्या वाहिन्यांवर नजर ठेवणे आणि केबलवाला स्थानिक बातम्या देत असेल तर त्या समतोल व कोणत्याही समाजाला न दुखावणाऱ्या आहेत ना हे पाहणे, ही या समितीची कामे. यादी वाईट नाही. मात्र तीत सरपंच नाही, ग्रामसेवक नाही आणि केवळ प्रेक्षक म्हणून कोणालाही जागा नाही. शिवाय या साऱ्या व्यवस्थेच्या हाती मुख्यतः नोटीस आणि कुलूप हीच अवजारे आहेत, आणि कुलपाने कार्यक्रम बंद होतो, चांगला होत नाही.

जिल्हा प्रशासन केबलकडे आणखी एका नजरेने पाहत असे, ती वसुलीची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत राज्याचे करमणूक शुल्क महसूल यंत्रणा जोडणीमागे गोळा करीत असे, आणि केबलवाल्याच्या जोडण्या खरोखर किती, याचा शोध त्यात काय दाखवले जाते याच्या शोधापेक्षा अधिक नेटाने घेतला जाई, असे म्हणण्यास जागा आहे.

तालुक्याच्या गावातली जुनी कंट्रोल रूम ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे सहज उमगेल. स्लॅबवर दोन-चार छत्र्या, खाली लहानशा खोलीत एकावर एक रचलेले रिसीव्हर, प्रत्येक वाहिनीला तारेत जागा करून देणारे मॉड्युलेटर, तापलेल्या यंत्रांवर फिरणारा पंखा, आणि एका कोपऱ्यात एक संगणक, ज्यावरून केबलवाल्याची स्वतःची वाहिनी चाले. तिथून निघालेली काळी तार खांबाखांबावरून जाई, वाटेत मंद झालेला संदेश वाढवणारे ॲम्प्लिफायर डब्यांत टांगलेले असत आणि भारनियमनात त्यांतला एखादा बंद पडला की पुढच्या साऱ्या आळीचे चित्र जाई. सिनेमा चालू असताना पडद्याच्या तळाशी ‘पट्टी’ सरकत असे: कोणाचे दुःखद निधन आणि अंत्ययात्रेची वेळ, कापड दुकानाचा सेल, हरवलेले पाकीट, नळाला पाणी उद्या येणार की परवा. गणपतीची मिरवणूक, सप्त्यातले कीर्तन, टेनिस बॉलच्या स्पर्धेचा अंतिम सामना हे सारे तेथून दाखवले जाई. तांत्रिक दर्जा सुमार, प्रमाणलेखनाच्या नावाने आनंद आणि निवडणुकीच्या दिवसांत निष्पक्षपातीपणाचा भरवसा देता येत नसे. तरीही वऱ्हाडी बोली दूरचित्रवाणीच्या पडद्यावर विनोदासाठी नव्हे तर कामासाठी जर कोठे वापरली गेली असेल, तर ती बहुधा याच वाहिन्यांवर. भाषेच्या अभ्यासकांनी त्यांच्या ध्वनिचित्रफिती जपून ठेवण्याचा विचार केला नाही, ही हानी भरून येणारी नाही.

ती खोली हटवली ती सेन्सॉरने नव्हे, तर तंत्राने. २०११ च्या दुरुस्तीनंतर केबलचे सक्तीचे डिजिटलीकरण ४ टप्प्यांत झाले. मुंबईत ते २०१२ मध्येच आले, तर ग्रामीण भागाचा चौथा टप्पा डिसेंबर २०१६ ऐवजी मार्च २०१७ पर्यंत लांबला. सेट टॉप बॉक्स आले, चित्र स्वच्छ झाले, जोडण्यांची लपवाछपवी संपली. पण वाहिन्या एकत्र करून सांकेतिक रूपात पाठवणारे केंद्र, ज्याला ‘हेडएंड’ म्हणतात, ते मोठ्या शहरातील बहुविध यंत्रणा चालकाकडे, म्हणजे अनेक केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे गेले. गावचा केबलवाला तार जोडणारा आणि महिन्याचे पैसे गोळा करणारा उरला. आपल्या खोलीतून मधेच एखादी वाहिनी घालण्याची त्याची जुनी मुभा संपली.

३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या स्वतःच्या वाहिन्यांना ‘प्लॅटफॉर्म सेवा’ असे नाव आणि रीतसर चौकट दिली: एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांची मर्यादा, तिच्याखेरीज प्रत्येक जिल्ह्यासाठी २ वाहिन्या, ९० दिवस ध्वनिचित्रमुद्रण जपण्याचे बंधन, आणि आशयाबद्दलच्या तक्रारी प्राधिकृत अधिकारी व संनियंत्रण समित्यांकडे. यातील जिल्ह्यासाठीच्या दोन वाहिन्या ही या विषयातील सर्वांत उपयोगाची तरतूद आहे. अडचण अशी की स्थानिक बातम्या व घडामोडी देण्याची परवानगी केवळ नोंदणीकृत कंपन्यांना आहे आणि वाहिनी भरायची की रिकामी ठेवायची, हे यंत्रणा चालकाच्या मर्जीवर आहे. जागा राखली ती व्यापाऱ्यासाठी. गावाने ती मागावी अशी सोय नाही.

सक्ती करता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९५ च्याच अधिनियमाच्या कलम ८ नुसार दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या आणि संसदेच्या वाहिन्या प्रत्येक केबलवाल्याला दाखवाव्याच लागतात. दिल्लीतील सभागृह आसेगावच्या घरात पोहोचवण्यासाठी खासगी तारेवर जागा राखून घेता येते, तर आसेगावची ग्रामसभा त्याच तारेवर आसेगावला दाखवण्यास तत्त्वाची कोणतीही आडकाठी उरत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला, तो न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला होता. त्या तत्त्वाच्या पाठबळावर पुढे सामुदायिक नभोवाणीचे धोरण आले, २००६ मध्ये ते स्वयंसेवी संस्थांना खुले झाले आणि साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी उभी राहू शकली. केबल ध्वनिलहरी वापरत नाही हे खरे, परंतु ती रस्ता आणि खांब वापरते, आणि लहरींपेक्षा रस्त्याची सार्वजनिकता तर डोळ्यांना दिसते.

अमेरिकेने हाच धागा धरला. तेथे केबल कंपनीला रस्त्याखालून तार न्यायची तर नगराशी करार करावा लागे. १९८४ च्या केबल कायद्याने त्या कराराची फी कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली आणि लोकांसाठी, शिक्षणासाठी व स्थानिक शासनासाठी वाहिन्या मागण्याचा अधिकार नगरांना दिला, ज्यांच्या आशयात कंपनीने सहसा हात घालावयाचा नव्हता. तेथील ५ टक्के गावाच्या पदरात पडतात आणि येथील ५ टक्के कंपनीच्या वाहिन्यांची मर्यादा ठरवतात, एवढ्या एका आकड्यात दोन्ही पद्धतींचा फरक मावतो. भारतालाही हे अगदी अपरिचित नव्हते: गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ पासून इस्रोने चालवलेल्या प्रयोगात गावकऱ्यांच्या प्रश्नांवर त्यांच्याच सहभागाने कार्यक्रम होत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावाला वाहिनी देणे म्हणजे गावातल्या सत्ताधारी गटाला वाहिनी देणे, अशी भीती ज्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिली आहे त्यांना वाटणारच. म्हणून ग्रामपंचायतीच्या हाती कात्री देता कामा नये. तिच्याकडे वेळेचे वाटप असावे आणि तेही चिठ्ठीने किंवा क्रमाने. बचत गट, शाळा, सोयाबीन-तुरीच्या भावाबद्दल बोलू इच्छिणारा शेतकरी, गोरमाटी बोलीत गाणारा तांडा, पराभूत पॅनेल, सर्वांना सारखी मिनिटे. आशयाचा दोष निघालाच, तर संहिता आणि प्राधिकृत अधिकारी आहेतच. व्हॉट्सॲपच्या गटांनी हे काम केव्हाच हाती घेतले आहे, असेही सांगितले जाते. पण तेथे गटप्रमुखाच्या बोटाखाली कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते आणि ९० दिवसांचे मुद्रण मागायचे तर कोणाकडे, हा पेच राहतोच.

परिषदेपुढील ठरावाच्या मसुद्यात म्हणून एवढेच मागितले आहे की वाशिम जिल्ह्यासाठी मिळू शकणाऱ्या दोन वाहिन्यांपैकी एकीवर सहाही तालुक्यांतील ग्रामसभांचे चित्रण आणि नागरिकांचा राखीव वेळ असावा, बातमी नव्हे तर सभेचे संपूर्ण कामकाज दाखवले जात असल्याने कंपनीची अट त्याला लागू होऊ नये, आणि जिल्हा समितीत फिरत्या क्रमाने एक सरपंच व एक प्रेक्षक घ्यावा. चित्रीकरणाला मोबाइल पुरेसा आहे. ते हेडएंडपर्यंत कसे न्यावयाचे, हा प्रश्न तांत्रिक उपसमितीकडे सोपवला आहे, कारण काळी तार चित्र गावात आणते, गावातून बाहेर नेत नाही. ग्रामपंचायतींना इंटरनेटने जोडणाऱ्या भारतनेट योजनेचे फायबर जेथे ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत आलेले आहे, तेथे ते खरोखर चालू आहे की नुसते भिंतीवर गुंडाळून ठेवलेले आहे, याची पाहणी उपसमितीने आधी करावयाची आहे.